नमुन्याची मोटार

मु. खडकवस्ती, पिंपळगावाजवळ, जि. नाशिक
कार्तिक वद्य सप्तमी, सन १९३६

चि. सौ. मैना हिला आईचे लाख आशीर्वाद.

नाय. मोटारीनं येऊ नको. जावईबापूंनी जागा धरून ठेवली असंल तर ती त्यांच्या एखाद्या दुश्मनाला देऊन टाक म्हणावं, परस्पर सूड उगवला जाईल. तू मनमाडपर्यंत बैलगाडीनं ये, खाली कडब्याचा जाड थर घालून. वाटंत एक मुक्काम कर. मनमाडला पाशिंजर धर अन् निफाडला उतर. तिथं मी आपली गाडी घेऊन उभी राहीन. दोन दिवस लागतील तर लागू दे. पोटातल्याला कुठं कचेरी गाठायचीय?

इकडं समदं ठीक. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. माझा गुडघा दुखतो, पण तोंड दुखत नाय, त्यामुळं गाव वैतागलेलं हाय. विहीणबाई नवसाबाईंना दंडवत सांग. त्यांनी धाडलेले डिंकाचे लाडू पावले. एक फोडायला वरवंटा लागला. बाकीचे जपून ठेवलेत, कुत्री मागं लागली तर उपयोगी पडतील. हे वाचून दाखवू नको.

आपल्या वस्तीवरच्या सरूचं इचारलंस. सरू आडगावला माहेरी हाय. बरी हाय.

आता तुझ्या सवालाकडं येते. तू लिहितेस, "आई, मालेगावात भिंतीभिंतीवर कागद चिकटवलेत अन् त्यावर तुझंच नाव हाय. 'खडकवस्तीच्या चतुराबाई सांगतात, पेल्यातलं दूध सांडलं नाही!' हे म्हणतात, सासूबाईंची साक्ष छापलीय, आता मोटारीनंच जाऊ." जावईबापूंना म्हणावं, तुमचा सासूवर एवढा भरवसा लग्नात मानपान मागताना कुठं गेला व्हता?

नाव माझंच हाय. साक्षबी खरी हाय. फक्त ती मोटार ह्या जगात राहिली नाय.

ऐक. चैत्रात आपल्या जत्रेला नाशकाचा धोंडीराम शेठ आला. आधी टांगे करायचा, आता मोटारींचे सांगाडे बांधतो. निळी झ्याक एक मोटार घेऊन आला अन् देवळासमोर उभी केली. काय सांगू मैना, नवरीसारखी दिसत व्हती. लाल कातड्याच्या गाद्या, हात दाबला की आत जायचा अन् परत वर यायचा. पायरी इतकी खाली की लुगडं गुडघ्यावर घ्यायला नको. बायांना मागं वेगळा खण, त्याला पडदा. खिडक्यांना काचा. शेठ फळीवर चढून बोलत व्हता, "अशा सोळा जणांच्या तीन मोटारी दसऱ्याला नाशिक-मालेगाव सुरू करणार! तान्ह्याची झोप मोडणार नाही!"

मग त्यानं इचारलं, ह्या गावात सगळ्यात नाठाळ तोंडाचं माणूस कोण? समद्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. एकजुटीनं. ह्या गावाची एवढी एकी मी पाणवठ्याच्या भांडणातबी पाहिली नव्हती.

शेठनं मला पुढच्या गादीवर बसवलं. हातात काठोकाठ दुधाचा पेला दिला. मैना, तुझा बाप गेल्यापासून कुठल्या नव्या कामाला मला कुणी पुढं बोलावलं नाय. हळद दळायची तरी मी दाराबाहेर. अन् इथं मोकळ्या कपाळाची मी समद्यांच्या पुढं बसलेली, मागं पाटील, त्याच्या मागं सावकार. ओझरपर्यंत जाऊन परत आलो. थेंब सांडला नाय. खरंच नाय. मी उतरले अन् म्हटलं, "गड्या, ही मोटार नाय, आईची मांडी हाय." तेच शेठनं लिहून घेतलं. पाचपन्नास लोकांनी तिथंच जागा नोंदवल्या. चतुराबाई चांगलं म्हणाली म्हणजे देवानंच म्हटलं, असं बोलले.

दसऱ्याला मोटारी आल्या. तीन. रंग निळाच. तेवढंच जमलं.

बाकी इचारू नको, तरी सांगते. गाद्यांच्या जागी फळ्या, रंधाबी नीट न मारलेल्या. तिच्यात बसून आलेला माणूस घरी जाऊन कुसळं काढत बसतो. काचांच्या जागी तरटं. पायरी इतकी उंच की भिकाच्या म्हातारीला दोघांनी खालून ढकललं अन् एकानं वरून ओढलं, भाताचं पोतं चढवावं तसं. सोळा माणसांच्या जागी अठ्ठावीस, वर कोंबड्या. बायांचा खण हाय म्हणतात, म्हणजे काय, तर सगळ्यात मागची फळी, बरोब्बर चाकावर. पडदाबी हाय. एकच. तो डायवर घाम पुसायला वापरतो.

पूजेला पाच सवाशिणी बोलावल्या. मला नाय. दूध धरायला मी चालले, नारळ फोडायला अपशकुनी. म्हटलं, बरं झालं, ह्या पापात माझा नारळ नको.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी मी गंगेवर आंघोळीला नाशकात गेले व्हते. परत येताना मुद्दाम त्या मोटारीत बसले. अन् खोड जात नाय ना माझी, गवळ्याकडून दूध घेऊन पेला भरून हातात धरला. डायवर म्हणाला, "मावशी, हे काय?" मी म्हटलं, "तुझी परीक्षा." आडगावच्या नाक्यापर्यंत अर्धा पेला माझ्या लुगड्यावर. पुढं एक खड्डा आला अन् उरलेला अर्धा समोरच्या तलाठ्याच्या टोपीवर. त्यो ओरडला, "बाई, काय चालवलंय!" मी म्हटलं, "रावसाहेब, मी काय नाय चालवलं, चालवतोय त्यो." ओझरला मोटार थांबली ती थांबलीच. धक्के झेलणारा चाकावरचा एक लोखंडी पाटा मोडला व्हता.

तिथं जमील मिस्तरी भेटला. पाटा बदलायला धोंडीरामानं त्यालाच सायकलीवर धाडलं व्हतं. तू वळखत नाय त्याला, नाशकातला सुतार हाय, भला माणूस. चैत्रातली निळी मोटार त्यानंच बांधली. मी त्याला धरलाच.

"का रे बाबा, ती चैत्रातली कुणी बांधली अन् ही कुणी?"

"दोन्ही मीच, चाची."

"मग चैत्रात शुद्धीवर व्हतास अन् आता ताडी पिऊन बांधतोस का?"

त्यो हसला नाय. मोटारीखालून बाहेर आला, हात पुसले. "तिला सागाचं लाकूड दिलं व्हतं, चाची. हिला आंब्याच्या फळ्या दिल्या. तिच्या पाट्याला एकावर एक सात लोखंडी पानं. हिला चार. मी शेठला बोललो, मागची फळी चाकावर नको, हाडं मोडतील लोकांची. शेठ बोलले, बाया हलक्या असतात."

"अन् ती कुठंय? ती चांगली?"

"देवळाली क्यांपात. एका साहेबानं पाहिली अन् घेतली. त्याची मडम टेनीस खेळायला जाते तिच्यातून."

घ्या. आपण दूध धरून साक्ष दिली ती मडमेसाठी.

पुढच्या बाजारला मी पिंपळगावच्या थांब्यावर धोंडीरामाला गाठलं. खुर्ची टाकून पान खात बसला व्हता. मी म्हटलं, "शेठ, मला दाखवलेली मोटार कुठंय?"

"हीच की, चतुराबाई. तीच."

"तिला सात पानं व्हती."

त्याचं पान तोंडात थांबलं. मग म्हणाला, "अहो, तो नमुना होता. नमुना हा दाखवण्यापुरता असतो. सगळ्या तशा बांधल्या तर मला भिक्षेला बसावं लागेल."

"म्हणजे पोरगी दाखवायची धाकटी अन् बोहल्यावर उभी करायची आंधळी थोरली?"

बाजारातले चारजण हसले. शेठ तांबडाबुंद झाला. मग हळूच खाली वाकून काय म्हणाला ठाऊक हाय? "चतुराबाई, तुम्ही ओरडलात तर लोक मला हसतीलच. पण आधी तुम्हाला हसतील. मांडी तुम्ही म्हणालात, मी नाही."

मी पिशवी उचलली. मी घरी आले.

एवढं काल लिहिलं अन् दिवा मालवला. आज सकाळी गाईची धार काढून परत बसलेय. खरं तर पत्र इथंच संपवून टाकावं म्हणत व्हते. तुला न येण्याचं कारण मिळालं, तुला हसायलाबी मिळालं. पण तू जावईबापूंना हे वाचून दाखवशील, ते हसतील अन् म्हणतील, "सासूबाई नेहमीच तिखटमीठ लावतात, चार धक्के बसतील, त्यात काय?" अन् तुला त्या मागच्या फळीवर बसवतील. म्हणून पुढचं लिहिते. पुढचं तू एकटीच वाच.

सरू बरी नाय.

दिवाळी झाली अन् तिचा नवरा केरू तिला आडगावला बाळंतपणाला घेऊन निघाला. सातवा सरत आला व्हता. मोटारीत बायांची फळी भरलेली, तरी सरकून सरकून तिला चाकावर जागा दिली. ओझरच्या अलीकडं तिनं केरूला हाक मारली, "गाडी थांबवा." केरू पुढं उभा, तो ओरडला, डायवरनं भोंगा वाजवला. अठ्ठावीस माणसं, कोंबड्या, कुणाला काय ऐकू येणार? परत मोठा दणका बसला, तेव्हा तिनं शेजारणीचा दंड धरला तो सोडलाच नाय. मग थांबवली. रस्त्याच्या कडंला बाभळीच्या सावलीत बायांनी लुगडी धरली. मुलगा झाला. रडला नाय. मोटार पुढं निघून गेली, वेळ चुकत व्हती म्हणे.

सरू जगली. पण बोलत नाय. मी आडगावला जाऊन आले. तिच्या उशाशी बसले अन् तिनं माझ्याकडं पाहिलं अन् भिंतीकडं तोंड केलं. तिची आई म्हणाली, "ती कुणाशीच बोलत नाय, मनावर घेऊ नका." मी मनावर घेतलं.

धोंडीराम गावात आला, केरूला म्हणाला, दैवाची गोष्ट. लोकांनी मान डोलवली. मीबी तिथं उभी व्हते. जिच्या तोंडाला सगळं गाव भितं ती मी, दातखीळ बसल्यासारखी उभी. मी त्याला नालायक म्हणते, चोर म्हणते, ह्या कागदावर त्याचं काय काय केलं बघ. त्यानं पाटा कापला, फळी कापली, गादी कापली. हे समदं खरं हाय. पण हे सगळं लिहून मी अजून तुला एक गोष्ट सांगितली नाय, अन् ती लपवायलाच मी चार पानं त्याची टिंगल केली.

मोटारीच्या त्या फेरीतून मी नाशकाहून घरी आले ना, दूध सांडलेलं लुगडं घेऊन, तेव्हा वेशीवर बाया बसल्या व्हत्या. सरूबी व्हती त्यांच्यात. त्यांनी इचारलं, "चतुराबाई, कशी हाय हो खरी मोटार?" मी म्हटलं, "झकास हाय." लुगड्यावर पाणी सांडलं, असं मीच म्हणाले. जमीलनं सांगितलेलं कुणाला सांगितलं नाय. जी बाई गावाला हसते, तिला गाव हसलेलं सोसत नाय, मैना. आईची मांडी म्हणाले व्हते ना मी. ते मागं कसं घ्यायचं?

दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी केरू आला. म्हणाला, "मावशी, सरूला आडगावला न्यायचंय, तुमची गाडी अन् बैल दोन दिवस द्याल? मोटारीचं जरा भ्या वाटतं तिला." सरू त्याच्या मागं उभी व्हती, पोटावर पदर धरून. गोठ्यात दोन्ही बैल खात उभे व्हते.

माझी गाडी घेऊन ती गेली असती, तर गाव म्हणालं असतं, बघा, जिनं साक्ष दिली तीच पोरीला मोटारीनं पाठवत नाय.

मी म्हटलं, "गाडी कशाला मागता? भ्यायचं काय त्यात? मोटारीनं जा. मीच सांगते ना."

सात पानं अन् चार पानं, मला ठाऊक व्हतं. मागची फळी मला ठाऊक व्हती. सरूला त्या फळीवर धोंडीरामानं नाय बसवलं. मी बसवलं.

तुझी आई,
चतुरा