घोट्याखालचा फोम

१ मार्च
आणि पुन्हा तेच. दादाला म्हणावं, मी इथे पैशाचं झाड हलवत नाही, झाडाखालची पानं उडवतो. पंधरा हजार म्हणे. जसं काही काडेपेटीतल्या पंधरा काड्या मागतोय.
आईला ऐकू येत नाही हे मलाही कळतं. मीही तिचाच मुलगा आहे. दूध उतू जातं, दार वाजतं, तिला पत्ता नाही. परवा मागून टेम्पो आला, हॉर्न देऊन देऊन थकला, शेवटी शेजारणीने हात धरून ओढलं. डॉक्टरने तीस हजारांचं कानाचं मशीन सांगितलंय. अर्धे दादा, अर्धे मी, महिनाअखेरपर्यंत. दिलाय ना शब्द? डब्यात अकरा हजार साठलेत. चार उरले. चार हजारांसाठी माणूस रोज भावाला फोन करतो का?

२ मार्च
ही वही इथे राहायला आलेल्या एका पाहुण्याची. खोलीत विसरून गेला. पहिल्या पानावर एकच ओळ होती, आज मला शांत वाटलं. ते पान फाडलं. बाकी कोरी. सात दिवस राहिला, एकच ओळ शांत वाटली. मी रोज लिहिणार.

३ मार्च, सकाळी ९
इथलं काम एकदा लिहून ठेवतो, पुढे मोठा झालो तर विसरायला नको.
मौन केंद्र. तळं, लॉन, मोठी झाडं. लोक येतात, झाडाखाली डोळे मिटून बसतात आणि निसर्ग ऐकतात. बसणं आठला. आम्ही सहाला. मी ब्लोअर पाठीला लावून लॉनवरची सगळी पानं उडवतो. सगळी उडाली की सुपरवायझर म्हणतो, आता जरा नैसर्गिक कर. मग ढिगातली बरी बघून चाळीस-पन्नास पानं मी हाताने परत पसरतो.
ब्लोअरबरोबर कानावर घालायचे मफ मिळतात. दिसतात हेडफोनसारखे, पण गाणी वाजत नाहीत. मग काय उपयोग? वर घाम. माझा रूम पार्टनर रेडिओ (बडबड बंद होत नाही म्हणून रेडिओ) कुंपण कापायचं मशीन चालवतो. तो मफ जेवतानासुद्धा काढत नाही. स्वतः बोलत राहतो, दुसऱ्याचं ऐकत नाही. मला म्हणतो घाल रे बाबा. भित्रा.

४ मार्च
गाईडबाईंचं बोलणं झुडपामागून ऐकलं. बसा, डोळे मिटा, ऐका. झालं. एवढंच. याचे लोक दिवसाला एवढे देतात की माझा महिना निघेल. आणि एवढ्याचे बाईंना किती मिळत असतील? सातवीपर्यंत शिकलेल्या माणसालाही डोळे मिटता येतात.
ठरलं. उद्यापासून रोज पाचला उठणे, तळ्याकाठी अर्धा तास बसणे, दादावर न चिडणे.

५ मार्च
सव्वासहाला उठलो. काम बुडालं असतं म्हणून बसणं दुपारच्या सुट्टीत. अकरा मिनिटं. त्यातली चार, किती झाली हे फोनमध्ये बघण्यात. उजव्या घोट्याखाली खडा. खडा काढला तर मुंगी. मुंगी काढली तर दादा आठवला. चिडलो.

६ मार्च
घोट्याचा प्रश्न सोडवला. पाहुण्यांना मऊ आसनं मिळतात, आम्हाला कोण देणार? मफ पडूनच होते. आतला फोम कापून काढला, दोन गोल तुकडे, एकेका घोट्याखाली एकेक. मापात बसतात. बनवणाऱ्याला कळलंच नाही ते कशासाठी आहेत.
वीस मिनिटं बसलो!

७ मार्च, दुपारी १.४०
काय लिहू.  
डोळे मिटले आणि आवाज आला. बाहेरून नाही, आतून. बारीक, लांब, न तुटणारा. टीईईई. डोळे उघडले तरी चालू. जेवताना चालू. बाईंनी पाहुण्यांना सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय, वर्षानुवर्षं बसणाऱ्यांपैकी एखाद्यालाच आतला नाद ऐकू येतो.
मला तिसऱ्या दिवशी.

८ मार्च
रेडिओला सांगितलं. त्याने आज पहिल्यांदा मफ काढून ऐकलं. म्हणतो, गाढवा, ते मशीनमुळे आहे, माझ्या काकालाही व्हायचं, गिरणीत होता, दाखवून ये. मी विचारलं, काका ध्यानाला बसायचा? म्हणाला नाही, पत्ते खेळायला बसायचा. मग विषयच संपला.
जळतो. एका खोलीत राहून दुसऱ्याचं वर गेलेलं बघवत नाही.

१० मार्च
बाईंना सांगितलं. खरं तर पानं पसरता पसरता मुद्दाम जवळ गेलो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. हाताला पेट्रोलचा वास, तरी धरले. म्हणाल्या, किती दिवस बसताय? अहो-जाहो! इथे आल्यापासून मला पहिल्यांदा कोणी अहो म्हणालं. मी म्हणालो, तसा लहानपणापासून. म्हणजे शाळेत मी बसूनच असायचो, मास्तर म्हणायचे याच्या कानात काही शिरत नाही. आता शिरायची गरजच नाही, आतच आहे.

१२ मार्च
आज बाईंनी पाहुण्यांना विचारलं, कोणकोणते पक्षी ऐकू येतात? एक म्हणाला डावीकडे बारीक चिवचिव. एक बाई म्हणाल्या तळ्यावर शीळ. मी झाडामागे उभा. मला एकही नाही. आधी यायचे, पहाटे डोकं उठवायचे. रेडिओला विचारलं, यंदा पक्षी लवकर गेले का रे? त्याने फांदीकडे बोट केलं, म्हणाला तो बघ, बोंबलतोय. बघितलं. चोच उघडमीट चालली होती. आवाज नाही.
बाई म्हणतातच, बाहेरचं हळूहळू विरघळतं. विरघळलं.

१५ मार्च
घरून फोन. फोन बदलायला झालाय. दादाचं ऐकू येतं, दुर्दैवाने. वहिनी बोलायला लागली की नुसती फुसफुस. काय म्हणते विचारलं की म्हणते, भावोजी, तिसऱ्यांदा सांगतेय. हिचा आवाज आधीच चिमणीचा. मी म्हणालो नेटवर्क नाही.
मग आईला दिला. तिचं आपलं ठरलेलं. आई, या महिन्यात जरा ओढाताण आहे. हो, जेवले. आई, पैसे मी पाठवतोच. बरं बरं, अंगावर पांघरूण घेत जा. आई, मला आतला नाद ऐकू यायला लागलाय. छान झालं, पगार वाढला का?

१७ मार्च
मोठा दिवस. बाईंनी मला पाहुण्यांसमोर उभं केलं. युनिफॉर्ममध्येच, म्हणाल्या तसंच छान दिसतं. हे आमचे माळी, यांना नाद ऐकू येतो. सगळे वळून बघायला लागले. एका साहेबांनी विचारलं, कसा असतो? मी म्हणालो टीईईई. ते डोळे मिटून मान हलवत राहिले. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सुपरवायझर लांबून बघत होता. त्याच्या नाही आलं.
मला माळी म्हणाल्या, ते सुधारायला हवं.

१९ मार्च
संधी अशीच येते. बाईंचा गाईड कोर्स आहे, पहिली पायरी. पाहुण्यांना चौदा हजार, स्टाफला सात. बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्याने नाही केला तर कोणी करायचा? गाईड झालो की महिन्याला आईसाठी एकेका कानाची दोन-दोन मशीन. एक घालायचं, एक कपाटात.
डब्यातून सात दिले. हा खर्च नाही. दादाला सांगितलं तर खर्च आहे. म्हणून सांगितलं नाही.

२२ मार्च
दादाला सांगितलं. तोंडातून निघून गेलं.
तो आधी हं हं म्हणाला. मला वाटलं पटलं. मग सुटला. डोळे मिटायला सात हजार दिलेस? इथे ये, मी फुकट मिटवतो. तिकडे आई रस्त्यावर जीव मुठीत धरून चालते, हा झाडाखाली टी टी करतोय. मी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे म्हणालो की तू अजून खालच्या पायरीवर आहेस. शांतपणे फोन भिंतीवर आपटला. काचेला तडा. नाहीतरी बदलायचाच होता.
दादावर न चिडणे : उद्यापासून.

२५ मार्च
बोर्डावर कागद लागलाय. मशीनवर काम करणाऱ्या सगळ्यांची कानाची टेस्ट, उद्या, गाडी येणार. इन्शुरन्सवाल्यांचं काहीतरी. बाकीचे कुरकुरतायत. मी खूश. आजवर माझं म्हणणं तोंडी होतं, आता लेखी होईल. कागद दादाच्या नाकासमोर धरेन.

२६ मार्च, दुपारी
गाडीत एक छोटी पेटी, कपाटासारखी. आत बसायचं, हेडफोन लावायचे, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. दाबलं. दाबूनच धरलं. आवाज थांबतच नव्हता तर सोडू कसं?
तपासणारा मुलगा दार उघडून ओरडला, लिफ्टचं बटण आहे का? मी सोडलेला आवाज आला तरच दाब. मी म्हणालो, त्यातला तुमचा कोणता हे मी कसं ओळखायचं?
तो स्टूल ओढून समोर बसला. ओरडत होता तेच बरं होतं. मग एकदम अहो-जाहो करायला लागला. केव्हापासून आहे? झोपताना असतो? मशीन किती वर्षं चालवता? मफ घालता ना? पुन्हा टेस्ट घेतली. पेटीत बसून मी बराच वेळ वाट बघितली. त्याने आवाज सोडायला सुरुवातच केली नाही असं वाटलं. बाहेर आलो तर म्हणाला, झाली.

२८ मार्च
ऑफिसात बोलावलं. कागद मिळाला, लेखी. त्यावर एक रेघ आहे. सुरुवातीला ठीक चालते आणि मग दरीत पडल्यासारखी खाली जाते. सुपरवायझरने समजावलं, बारीक आवाज गेले, पक्षी, शीळ, बायकांचं हळू बोलणं. गेलेलं परत येत नाही. आत वाजतं तोही त्याचाच भाग, तो राहील. मशीन बंद, उद्यापासून स्टोअरमध्ये, झाडू आणि पाइप मोजायला. मशीनचा भत्ता जाईल.
मी म्हणालो, भरपाई? तो म्हणाला, मफ दिले होते त्यावर तुझी सही आहे. घेऊन ये. आणले. त्याने आत बोट घातलं, थेट प्लास्टिकला लागलं. फोम कुठंय? सांगितलं. त्याने माझ्या पायांकडे बघितलं, मग कागदाकडे. हसला असता तर मी भांडलो असतो. नाही हसला. मफ स्वतः खराब केले असं लिहून दिलं, त्यावर माझी सही घेतली. दंड बाराशे, आजच भरायचा. डब्यातून भरला.
तिथून बाईंकडे गेलो. कोर्स सुरूच झालेला नाही, सात परत द्या म्हणालो. त्या काहीतरी म्हणाल्या, मऊ आवाजात. ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा मऊ. शेवटी त्यांनी नियमांचा कागद पुढे केला आणि पाचव्या ओळीवर नख ठेवलं. भरलेली रक्कम परत मिळत नाही. माझा रेघेचा कागद बरोबर होता, तो त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटा धरून बघितला आणि हात जोडले.

२९ मार्च
मुद्दाम गेलो बसायला. नाद बंद झाला तर बरं म्हणून बसलो. रेडिओ शेजारी येऊन बसला, मफ काढून, काही न बोलता. तो काही न बोलता बसतो याची मला जास्त भीती वाटली. थोड्या वेळाने त्याने स्वतःचे मफ माझ्या मांडीवर ठेवले. म्हणालो, आता काय करू? म्हणाला, जे उरलंय त्याला लाव.

३१ मार्च
बाहेरच्या पेट्रोल पंपावर जाऊन घरी फोन केला. दादाला म्हणालो, ब्लोअर बिघडला म्हणून या महिन्यात कमी. पुढच्या महिन्यात एकदम पाठवतो. तो चिडला नाही. म्हणाला, दुकानवाल्याने जमलेल्या पैशांत मशीन मिळणार नाही सांगितलंय, बघू, तोवर आईला एकटी बाहेर सोडत नाही. मग वहिनी आली. ओठ दिसत नाहीत फोनवर, नुसती हवा. मी हो हो म्हणत राहिलो. कशाला हो म्हणालो माहीत नाही. बहुतेक घरी यायला.
मग आई. तिला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून ती ओरडते. जेवलास का? पांघरूण घेतोस का? आवाज का रे एवढा बारीक तुझा? शब्द न् शब्द ऐकू आला. घरात आता तिचंच काय ते नीट ऐकू येतं.
मी पण ओरडलो. जेवलो! घेतो! पेट्रोल पंपावरची माणसं बघायला लागली. ती म्हणाली, हां, आता कसं.
डबा पालथा केला. पाठवतोय : दोन हजार आठशे.