वायर काढायचा मंगळवार

ठाणे, दवाखान्यातून
ता. ९ फेब्रुवारी १९९६

चि. मंजुळा हिस आईचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते, म्हणून लिहिलं. तुझे मालक बरे असतील. पोरीचं नाव सुमेधा ठेवलंत म्हणे. कसलं नाव गं, हाक मारताना माझी कवळी पडेल.

बातमी अशी. तुझ्या लग्नाआधी माझ्या छातीत काळीज चालवायची पेटी बसवलेली, तिथे दिवाळीनंतर सूज आली. मला वाटलं, माशांची पाटी उतरवताना शिंगाळ्याचा काटा लागला. कांदा भाजून, हळद घालून बांधला. गळू फुटलं आणि आतून पेटीचा कोपरा चमकायला लागला. तुझा चुलतभाऊ जगन ते बघून मटकन खाली बसला. त्यालाच पाणी पाजावं लागलं.

इथली डॉक्टरीण जिभेची माझ्याच जातीची. "आजी, पेटीची भजी करायची होती का?" म्हणाली. मग सांगितलं, पेटी काढायची आणि वायरही काढायची. वायर अकरा वर्षं काळजात रुतलेली, तिच्यावर मांस चढलंय. ओढताना काळीज फाटलं तर छाती उघडावी लागेल.

मी म्हटलं, मग राहू दे की आत, माझं वय झालं.

"वयाला घाबरू नका. म्हाताऱ्या माणसांच्याही काढतो आम्ही. पू रक्तात गेला तर मात्र हातात काही राहणार नाही."

मी विचारलं, बाई, खाडीतला जाळ्याचा खुंट कधी काढलाय? आमच्या मंजुळाचे बाबा काढायचे तो. आधी गाळ मोकळा करायचा, मग हलवत हलवत सोडवायचा. जोर केला की मोडतो. ती हसली. "अस्संच काढणार."

मंगळवारी काढणार. तू यायची गरज नाही. जगन आहे, त्याची बायको कांता आहे.

बाबा गेले तेव्हा तू आलीस, ओट्यावर बसलीस आणि उंबरा न ओलांडता गेलीस. मी आतून बघत होते. तेव्हापासून त्या जागेवर मी मासळी वाळत घालू देत नाही. कांता विचारते का, तर सांगते, मांजरं येतात.

डॉक्टरणीने विचारलं, जवळचं माणूस कोण? जगन पुढे झाला. माझ्या तोंडातून निघून गेलं, हा पुतण्या, माझी मुलगी येतेय. आता ती बया रोज विचारते, आली का मुलगी? मी म्हणते, डोंबिवलीहून यायचं म्हणजे वेळ लागतो. जगन खिडकीबाहेर बघतो.

हे पत्र त्याच्याच हाती देतेय. त्याच्याकडे उत्तर लिहून देऊ नकोस. हे लिहायलाच अख्खा दिवस गेला, एकेक अक्षर लावत वाचायलाही मला फार वेळ लागतो, आणि मंगळवार जवळ आलाय. तू खाटेशी येऊन उभी राहिलीस तर मला लगेच समजेल.

तू काहीही म्हण, तरी तुझीच
आई