ताप उतरल्यानंतर

दादा, त्या दिवशी तुमचा ताप उतरला होता, हेच मला अजून छळतं. तुमची लेक नुकती डॉक्टर होऊन मंचरच्या एका दवाखान्यात लागली होती. भाऊ तुम्हाला पारगावहून जीपनं घेऊन आला. तुम्ही बाकावर ताठ बसला होतात. "लई काय नाय, जरा कफ झालाय," एवढं म्हणतानाही मध्येच दम घ्यायला थांबलात. मी हात धरला तर गार. रक्तदाब खाली गेलेला, श्वास उथळ आणि भराभर. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियानं पांढरी. तरी मी मनाशी म्हणत होते, इंजेक्शनं देऊ, सलाईन लावू, इथंच ठेवू. तेवढ्यात तुम्ही माझं मनगट घट्ट पकडलंत.

"बैलं सोड आधी. पाणी अंगणात आलंय."

आपलं जुनं घर डिंभ्याच्या धरणात जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. भाऊ हसला, "तापात बडबडत्यात." पण ताप नव्हताच. तुमच्या मेंदूला प्राणवायू पुरत नव्हता. मी म्हणाले, "पुण्याला न्यायचं, आयसीयूत. आत्ताच."

"अगं, चांगलं बोलत्यात की!"

"बोलतायत तोवरच न्यायला हवं. श्वास थकला तर वाटेत मला काही करता येणार नाही."

अँब्युलन्समध्ये तुम्ही एकच विचारताय, बैलं सोडली का. मी समजावते, "दादा, आपण आता पारगावात राहतो," तर तुम्ही असे घाबरून बघता, जणू मी कुणाला पाण्यात सोडून आलेय. खेड मागं पडल्यावर माझा धीर सुटतो. "सोडली दादा, सगळी सोडली. वर डोंगराला नेली." तुम्ही डोळे मिटता.

पुण्यात तुमच्या घशात नळी घातली, आणि तुमचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही. काही दिवस व्हेंटिलेटरवर काढून तुम्ही गेलात. तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर केला असता तर इथवरही पोचले नसते. ते खरं असेल. पण अजून कधीकधी एखादा म्हातारा पेशंट माझं मनगट धरतो, आणि मला पाण्याचा आवाज येतो.

घरी आईनं एवढंच विचारलं, "माझं काय म्हणाले का?" मी म्हणाले, "हो, तुझीच आठवण काढत होते." तुम्ही काढली नव्हतीत, दादा. ती अजून ते शेजारणींना सांगते. हल्ली ती साक्षरता वर्गाला जाते, अक्षरं लावून लावून वाचते. म्हणून हे पत्र मी घरात ठेवणार नाही.