तिसऱ्या भागाचा दिवा

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, वीज उपकेंद्रात बिघाड होताच वीज तोडणारे संरक्षक रिले तपासण्याच्या नोकरीत, येत्या सोमवारच्या शस्त्रक्रियेआधी माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझं हृदय तपासलं आहे, डोकं नाही. ते ठिकाणावर असल्याची ग्वाही मीच देते. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतकं जवळ कोणी राहतही नाही.

१. खोली बाबांच्या वेळेपासून भाड्याची आहे. किल्ली घरमालकीणबाईंना द्यावी. न्हाणीघरातला नळ मी तीनदा सांगूनही गळतो, हे इथे नोंदवते.

२. बँकेतली सगळी बचत वहिनीला. दर महिन्याला फोन करून "जेवलीस का गं?" असं विचारणारी ती एकटीच.

३. मल्टिमीटर आणि हत्यारांची पेटी कामावर शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या फिटरला. "मॅडम, मीटर मागितला की तुमचा जीव जातो," असं तो म्हणायचा. आता खुशाल घ्यावा. पिवळ्या मुठीचा पेचकस मात्र त्यातून वगळला आहे.

४. बाबांनी बांधलेली छोटी रेल्वे, बारा फूट बाय पाच फुटांच्या टेबलासह, दादाला. सोबत पुढील निवेदन.

डबा सांध्यावर घसरला की लोखंडी चाक दोन्ही रुळांना एकदम टेकतं आणि शॉर्ट होतं. असं झालं की फ्यूज उडायचा. मी चौदा वर्षांची असताना एका दुपारी तो चार वेळा उडाला. नवा फ्यूज घरात नव्हता. मी चॉकलेटची चांदी गुंडाळून तो बसवला आणि कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी दादाने गाडी सोडली. डबा घसरला, फ्यूज उडालाच नाही, तार तापली आणि बाबांनी वर्षभर खपून केलेला लाकडी पूल जळाला.

"कळत नाही तर हात कशाला लावतोस?" बाबा दादाला म्हणाले.

"मी फ्यूजला हात लावलेला नाही."

"मग काय भुताने लावला?"

मी दारात उभी होते. गप्प राहिले. पुढच्याच वर्षी दादा नोकरीसाठी बाहेर पडला, तो या खोलीत पुन्हा आला नाही. बाबा गेले तेव्हाही जिन्यातूनच परतला. बाबा तेच खोटं खरं मानून गेले. चूक माझी होती. दादाची नव्हती.

त्यानंतर मी रूळ चार भागांत तोडले आणि प्रत्येक भागाच्या तारेत मोटारीच्या मागच्या दिव्याचा एकेक बल्ब घातला. एरवी तो विझलेला असतो. शॉर्ट झाला की तो पेटतो, जास्तीची वीज स्वतःवर घेतो आणि तार थंड राहते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रत्येक भागातल्या रुळांवर पिवळा पेचकस आडवा ठेवून, मुद्दाम शॉर्ट करून हे तपासते. पूल तिसऱ्या भागात होता. तिथे मी दोनदा तपासते. गाड्या दोन आहेत, त्यांचा वेग बदलायचे कंट्रोलर दोन आहेत. दुसरा मी कधी फिरवलेला नाही.

दादाला टेबल नको असल्यास मोडावं. त्याआधी तिसऱ्या भागावर पेचकस एकदा त्याने स्वतः ठेवावा. काही जळणार नाही.

५. खालच्या घड्याळवाल्या काकांना काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत. म्हणून माझं भिंग त्यांना हयातीतच दिलं आहे.

पुरवणी. सहीआधी शब्द तपासायला कलम चार काकांना वाचून दाखवलं. ते चष्मा काढून म्हणाले, "अगं बये, तू गेल्यावर त्याने भांडायचं कोणाशी? फोटोशी?" म्हणून कलम चारची नक्कल आजच कुरियरने दादाला पाठवली आहे. पाकिटात पिवळा पेचकसही आहे. या रविवारची तपासणी तो इथे परत आल्यावाचून होऊ शकत नाही.

स्थळ: रेल्वेच्या टेबलाची मोकळी कड
दिनांक: मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४
लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर सही केली:
(सही) घड्याळवाले काका, तळमजला
(सही) घरमालकीण. नळ उद्या बघते.