आईचं भाषण परत करण्याबाबत

मी, मारुती बळवंत शिंगटे, वय सव्वीस, शिक्षण सातवी, मूळचा तालुका पाटण, जिल्हा सातारा, सध्या राहणार दिल्लीत मयूर विहार, दिनकर वैशंपायन साहेबांच्या फ्लॅटखालचं गॅरेज, आणि आजच्यापुरता सरकारी दवाखाना, खाट अकरा, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, दुखतंय ते पोट. उद्या सकाळी ऑपरेशन. बरंवाईट झालं तर आमची जबाबदारी नाही, अशी सही डॉक्टरांनी माझ्याकडून घेतली. मग म्हटलं, एक कागद आपणही करावा. कोणी धाक घातलेला नाही.

कलम १. सायकल, रजई आणि स्टोव्ह फरीदाबादच्या कारखान्यात माझ्याबरोबर स्टोअरमध्ये असलेल्या बलबीरला. मागचा ब्रेक लागत नाही हे त्याला सांगायला नको, त्यानेच बिघडवलाय.

कलम २. कोट साहेबांना परत. दिला तेव्हाच कोपरावर फाटका होता.

कलम ३. माझा शाळा सोडल्याचा दाखला साहेबांच्या कपाटात आहे, तो माझ्या आईला, हौसाबाई हिला, पोचवावा. पाच वर्षांपूर्वी साहेब म्हणाले, "इकडे दे, सांभाळून ठेवतो. तुला पर्मनंट करायला लागेल ना." मी दिला. तेव्हापासून साहेबांची भाषणं मी लिहितो. साहेब इथल्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेले, मराठी झकास बोलतात, लिहिता येत नाही. ते कारखान्याचे मॅनेजर आणि इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. गेल्या चार-पाच वर्षांत इकडे नव्या कंपन्या, नव्या सोसायट्या, रोज कुठे ना कुठे नारळ फुटतो. वास्तुशांत, बारसं, साठी, निरोप समारंभ. मोठ्या अक्षरात लिहायचं, थांबायच्या जागी आडवी रेघ मारायची, आणि हॉलमध्ये मागच्या रांगेत उभं राहायचं. दाखला मागितला की, "चलो, एवढा कार्यक्रम होऊ दे, मग बघू." पुण्यात एकाने काम देऊ केलं होतं. दाखला आणा म्हणाला. दोन महिने वाट बघून त्याने दुसरा माणूस घेतला.

कलम ४. माझ्या ट्रंकेत निळ्या रुमालात एक कॅसेट आहे. ती आईला. तिला वाचता येत नाही, म्हणून सगळं नीट लिहितो, कोणीतरी वाचून दाखवावं.

साहेबांच्या आई हेमलताआजी पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या तेव्हा मोठा समारंभ होता. मी साहेबांना विचारलं, आजींची काही माहिती द्या. "अरे यार, आई आहे. लिही ना काहीतरी. सगळ्यांची आई सारखीच असते." मला एकच आई माहीत होती. मी तीच लिहिली. निरक्षर बाई, चुलीपुढे बसून पोराला धडा मोठ्याने वाचायला लावते. अडलं की पोरगं मनचं घालून पुढे जातं, आणि ती चिमटा जमिनीवर आपटून म्हणते, "खोटं वाचलंस. मागनं वाच."

साहेब कागद आधी कधी वाचत नाहीत. थेट माइकवर वाचला. लोक रडले. पुढच्या रांगेत आजींच्या तीन जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या, त्याही रडल्या. आजींनी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कळलं ते असं. आजींनी वर बोलावलं.

"मारुती, मी बी.ए., बी.टी. आहे. ही चिमट्याची बाई कोण?"

"माझी आई."

"तिला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तिच्याजवळ काय राहिलं रे?"

त्या दिवसापासून मी आईवर एक ओळ लिहू शकलेलो नाही. पत्रसुद्धा खुशालीच्या पुढे जात नाही. म्हणून ही त्या समारंभाची कॅसेट. आवाज साहेबांचा आहे. आई, त्यातली बाई तू आहेस. शेवटी टाळ्या आहेत, बराच वेळ आहेत, मधेच बंद करू नकोस.

कलम ५. पुढच्या महिन्यात साहेबांच्या मुलीचं, वृंदाताईंचं लग्न. साहेब काल इथे येऊन गेले. म्हणाले, "आरामात बरा हो, पण वीस तारखेपर्यंत दे. आईवेळचं होतं ना, बिल्कुल तसंच." ते भाषण मी साहेबांना ठेवत नाही. चार प्रश्न ठेवतो. पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा ताई रडली का? कशाला घाबरते? तुमच्याशी शेवटची कधी भांडली? जाते तर तुम्हाला काय वाटतं? उत्तरं साहेबांनी सांगावीत, आजींकडून लिहून घ्यावीत.

कलम ६. शोकसभा घेऊ नये. कारखान्याचं शोकसभेचं भाषण मीच लिहिलेलं आहे, नावाची जागा मोकळी आहे.

कलम ७. आजींना काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही ठेवलं तर कागद कच्चा होतो, असं कोर्टात टायपिंग करणारे जयंतराव म्हणाले. आजी आत्ता खाटेशेजारी डबा घेऊन बसल्यात. मी म्हटलं, सही केलीत तर घरात बोलणं होईल. त्या म्हणाल्या, "पेन दे."

वाचलो, तर कलम एक, दोन आणि सहा रद्द समजावीत. बाकीची चालू राहतील. वीस तारखेलाही.

दिल्ली, ११ फेब्रुवारी १९९६
मारुती बळवंत शिंगटे

साक्षीदार:
१. जयंत केशव मोघे. मारुतीने माझ्यासमोर सही केली.
२. हेमलता वैशंपायन, निवृत्त शिक्षिका. मारुतीने माझ्यासमोर सही केली. कलम चारमधली आई मी नव्हे. दाखला आज संध्याकाळी मी स्वतः कपाटातून काढीन.