विहिरीत उतरलेली बाई

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मला जे सांगायचंय ते त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. तुम्ही समोर होता तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला आणि तुमची कंधारहून तिकडं बदली झाली. सरकारी गाडीत मशीन आणि पडदा घेऊन गावोगाव सिनेमे दाखवायचे, हे तुमचं काम. त्या साली पाऊस नव्हता. सुट्टीत एकदा तुम्ही मला जळकोटकडच्या एका गावाला नेलंत. दिवस मावळताच शाळेच्या पटांगणात पडदा बांधलात आणि तुमचं आवडतं रीळ लावलंत. त्यात एक बाई आटलेल्या विहिरीत उतरते, झऱ्यापाशी बसते आणि वाटीवाटीनं घागर भरते. बस, एवढंच. गाणं नाही, बोलणं जवळजवळ नाही. पाणी झिरपायची ती वाट बघते आणि आपण तिच्याकडं बघत बसायचं. मी कंटाळून गाडीत जाऊन बसले. तुम्ही मागून आलात.

"बघ की, एक माणूस उठलं न्हाई."

"त्यात काही घडतच न्हाई, अण्णा."

"घडून राहिलंय. तू थांबली न्हाईस."

सिनेमा संपल्यावर पुढं बसलेल्या एका म्हातारीनं तुम्हाला विचारलं, "भरली का रं तिची घागर?" तुम्ही म्हणालात, "दावलं न्हाई, मावशी." ती उठून उभी राहिली. "भरली आसंल," म्हणाली आणि गेली. त्या दिवशी परतताना तुम्ही किती खुशीत होता.

पुढच्या वर्षी मी लातूरला कॉलेजात गेले. शहरातल्या मुलींमध्ये नुकती कुठं मिसळत होते. तुम्ही प्राचार्यांना भेटून तेच रीळ आमच्याकडं आणलंत. "शिकलेली पोरं हायत, त्यांना कळंल," असं आईला म्हणाला होता. दुपारची वेळ, हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावलेल्या. पाचव्या मिनिटाला शिट्टी वाजली, मग पाय आपटणं सुरू झालं. कुणीतरी ओरडलं, "अरे, टँकर पाठवा तिला!" सगळा हॉल हसला. मीही हसले, चांगली मोठ्यानं. मशीनपाशी उभा असलेला माणूस माझा बाप आहे, हे शेजारच्या मुलींना मी सांगितलंच नव्हतं. तुम्ही रीळ मध्येच थांबवलं नाहीत. शेवटपर्यंत दाखवलंत.

दुसऱ्या दिवशी पोरांनी तुमच्या कचेरीत तक्रार द्यायचं ठरवलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून कोरा कागद माझ्यापुढं आला. नाही म्हणायला एखादं कारण सांगता आलं असतं. मी लिहिलं, "सदर ऑपरेटर कंटाळवाणे चित्रपट दाखवून विद्यार्थ्यांचा वेळ वाया घालवतो." घालवतात नाही, अण्णा. घालवतो.

पंधरा दिवसांत तुम्हाला मशीनवरून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. त्या संध्याकाळी आई भाकरी थापतेय, मी चुलीपाशी बसलेली आहे. आई विचारते, "काय झालं?" तुम्ही म्हणता, "कायी न्हाई. पोरांनी अर्ज दिला." मग माझ्याकडं न बघता म्हणता, "अक्षर लई चांगलं हाय." पाटीवर बोट धरून तुम्हीच गिरवून घेतलेलं अक्षर ते. तुम्ही पाणी मागता. मी तांब्या पुढं करते, तुम्ही घेता आणि जेवत राहता. निवृत्त होईपर्यंत तुम्ही पुन्हा मशीनला हात लावला नाही, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या वयात मैत्रिणींबरोबर पाहिलेल्या सिनेमांतल्या एकाचीही गोष्ट मला आज धड सांगता येत नाही. ही बाई मात्र गेली नाही. देवणीच्या शाळेत नोकरी करताना, पोरांचे पेपर तपासताना, तुमच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसलेली असताना ती अचानक दिसायची. वाटी टेकवून, मान खाली घालून बसलेली. तिच्या त्या बसण्यात काय काय घडत होतं, ते मला तुमच्या उशाशी बसून बसून कळलं. तेव्हा तरी सांगायचं होतं. तुम्ही जागे होता.

आता नांदेडला आम्ही चारसहा जण महिन्यातून एकदा असेच संथ सिनेमे लावतो. निवड माझी असते. लोक चुळबुळ करतात, मी थांबा म्हणते. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, असे सिनेमे बघायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. मी तिला म्हणाले, "कुणी नाही. वाचनातून आलं."