गाडी कोणाला देऊ नये

मी, सारिका सुदेश धुरी, वय सत्तावीस, सातवी पास, राहणार तारकर्ली, तालुका मालवण, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. झोप मात्र नाही. कट्टा गावच्या बाजाराहून आल्यापासून डोळा लागलेला नाही. डोळे मिटले की गाडी मागे जायला लागते.

मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी हात धरून लिहून घेत नाही. मी भ्यायलेली आहे. पण भ्यायलेलं माणूस खोटं लिहितं असं नाही, म्हणून हा कागद खरा धरावा.

उद्या मी एकटी गाडी घेऊन आरोंद्याला निघणार आहे, माझा भाऊ मितेश याच्याकडे. पोचले तर हा कागद मीच येऊन चुलीत घालीन. नाही पोचले तर आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या बाई जान्हवी कुबल यांनी तो मोठ्याने वाचावा. घरच्यांना वाचताना रडू येईल आणि अर्धं राहील.

एक. माझी मुलगी रिया. तिचे बाबा मस्कतला टगबोटीवर आहेत, ते येईपर्यंत तिने मामाकडे राहावं. तिला बांगडा काटे काढून द्यावा लागतो. नाही काढले तरी ती सांगत नाही, तशीच गिळते.

दोन. माझ्या दोन पाटल्या, आईने दिलेल्या. त्या रियाच्या. कोणी मोडू नयेत.

तीन. नारळ खवायचा आडाळो माझ्या जाऊबाई सुभद्रा यांना द्यावा. लग्नाच्या दिवशी मांडवात त्या म्हणाल्या होत्या, "सुदेशाक दुसरी गावूक नाय? ही लंगडी खंयसून हाडली?" मी शेल्याच्या आतून ऐकलं. आडाळ्याला धार लावून द्यावी. त्यांच्या तोंडाला आहे तेवढीच.

चार. सुदेशची लहान होडी त्याचीच आहे, तिच्यावर माझा हक्क नाही. पण तिच्याबद्दल लिहावं लागेल, कारण सगळं तिथून सुरू झालं.

माझा डावा पाय लहानपणापासून बारीक. त्यात जोर नाही. क्लचवाली गाडी मला जमत नाही. मितेश आरोंद्याजवळ, गोव्यात, एका रिसॉर्टवर ड्रायव्हर आहे. तिथली जुनी पिकअप काढायची होती, आपोआप गिअर पडणारी. त्याने ती घेतली, मागची बाजू स्वतः रंगवली आणि माझ्या दारात आणून उभी केली. म्हणाला, "सारके, ह्या गाडीत डाव्या पायाक काय्येक काम नाय. तो आरामात बसतलो." त्या दिवसापासून मी वाडीतल्या बायका आणि त्यांच्या मासळीच्या पाट्या बंदरावरून बाजाराला नेते. माझं घर त्यावर चालतं. सुदेशचे पैसे कधी येतात, कधी येत नाहीत.

चावी देताना मितेशने एकच सांगितलं होतं. "खाऱ्या पाण्यात घालू नको. आणि तिका लावन काय्येक ओढू नको."

पावसाआधी होडी किनाऱ्यावरून वर ओढून ठेवावी लागते. आमच्याकडे त्यासाठी सगळी वाडी येते. एकाने आरोळी द्यायची आणि बाकीच्यांनी खांदा लावायचा. होडी वर आली की चहा आणि गुळाचं खाजं. आज माझ्या होडीला तुम्ही, उद्या तुमच्या होडीला मी. पण मी कोणाच्या होडीला खांदा लावू? या पायाने मी वाळूत उभीसुद्धा धड राहत नाही. ज्यांच्याकडे मी कधी गेले नाही त्यांना हाक कशी मारायची, असं मला वाटलं. म्हणून ओहोटीला कोणी नसताना पिकअप मागे घेत ओल्या वाळूत नेली आणि दोर बांधला. चाकं रुतली. लाट आली ती गाडीच्या पोटाखालून गेली. मी ॲक्सिलरेटर दाबतच राहिले. करपलेल्या डाळीसारखा वास आला, पण होडी वर आली.

वाडीतली हौसाबाई मावशी माडाखाली उभी होती. ती एवढंच म्हणाली, "काय गो सारिके, आमचे हात मेले?"

मी हसले. तिला वाईट वाटलं होतं ते मला कळलं, पण मी हसले.

पाच. आता गाडी.

पावसानंतर ती मध्येच सोडायला लागली. इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. मग एकदम धक्का देऊन पुढे जाते. कुडाळच्या मेस्त्रीने खालून तेल काढून दाखवलं. ते लाल असायला हवं, ते दुधाच्या चहासारखं होतं. त्याने विचारलं, "वहिनी, ही गाडी दर्यात गेल्ली?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "गिअरबॉक्स सगळो खोलूचो लागतलो. नायतर भंगारात घाला. पण चढावर न्हेव नको, कधी सोडीत सांगता येणा नाय."

खोलायचा म्हणजे माझ्या पाटल्या. पाटल्या रियाच्या. मी घरी आले, जुनं तेल काढून नवं घातलं आणि पुढच्या बाजाराला सगळ्यांना घेऊन चढावर गेले. कोणाला काही सांगितलं नाही.

कट्ट्याच्या वाटेवर त्या चढाला एका अंगाला चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत आहे आणि त्याच्या खाली खोल व्हाळ, ओढा. अर्ध्या चढावर तिने सोडलं. मी आणखी दाबलं, तिथे माझं चुकलं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी मागे सुटली होती. ती गडग्याला टेकली म्हणून थांबली. मागे आठ बायका होत्या, हौसाबाई मावशीही त्यांच्यात. गडग्याचे वरचे दोन चिरे खाली गेले, पडल्याचा आवाज फार उशिरा आला. रिया माझ्या बाजूला बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "आई, परत!"

मी खाली उतरले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "पाय घसरलो."

आजपर्यंत मी कधीच पायाचं निमित्त सांगितलेलं नाही. शाळेत पळायच्या शर्यतीतसुद्धा नाही. तेव्हा सांगितलं, आणि सगळ्यांनी मला लगेच माफ केलं. त्यांच्यातल्या शेवंतीने आपलं पाणी मला पाजलं.

मितेशला कोणीतरी कळवलं. आज सकाळी त्याचा फोन आला. "खंयचो पाय?" मी न विचार करता म्हटलं, "डावो." त्या गाडीत डाव्या पायाला काम नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? तो पाय ब्रेकखाली अडकला असं त्याला वाटलं. मग म्हणाला, "माझी चूक. मीच तुका गाडी दिलंय. परवा येतंय आणि चालवत घेवन जातंय. दुसरा काय तरी बघूया."

त्याला गाडीच्या पोटातलं माहीत नाही. आरोंद्यापर्यंत किती चढ आहेत. म्हणून त्याच्या आधी मीच ती न्यायची, रिकामी, असं ठरवलं. त्यानंतर तीनदा फोन लावला. तो "बोल गो" म्हणतो आणि मी आईचा गुडघा कसा आहे ते विचारते.

इथपर्यंत लिहिलं तेवढ्यात हौसाबाई मावशी दारात आली. हातात बाटली.

"काय लिवतंस गो?"

"मृत्युपत्र."

"कोणाचा?"

"माझा."

"अगो मेले, माझा म्हातारीचा रवला थंय आणि तुझा इला? रांगेत ये! बरा, माका काय ठेवलंस?"

"स्टेपनी."

"ती गळ्यात घालून फिरतंय. आणि गाडी कोणाक?"

सुदेशला? मितेशला? ज्याचं नाव लिहीन तो तिच्यात बसेल. आणि उद्या मी एकटी गेले तरी चढावर माझ्या मागे कोणीतरी असणारच. स्कूटरवरचा, शाळेची रिक्षा, कोणीही.

मावशीने बाटली पुढे केली. "उंडीचा तेल हाडलंय. पायाक चोळ. बाजाराक मी पुढेच बसतलंय, तुझ्यार माझो भरोसो आसा."

तेव्हा मी सांगितलं. "पाय नाय घसरलो, मावशे. गाडी सुटली. माका आधीच म्हायत होता."

तिने बाटली मागे घेतली. मग विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मेल्यातच जमा होतंय मी?"

"व्हय."

"आणि मी तुझ्या पायासाठी देवाक नारळ बोललंय!" तिने बाटली चुलीजवळ ठेवली. "मगे ह्यां तेल गाडीक घाल." असं म्हणाली, पण हसली नाही. हात पुढे केला. मी चावी दिली. तिने ती कनवटीला खोचली आणि वरून लुगड्याची गाठ मारली.

सहा. म्हणून वर पाच नंबरात गाडी कोणाला द्यायची ते लिहिलेलं नाही, ते तसंच राहू दे. गाडी कोणाला देऊ नये. कोणी चालवू नये. दुसऱ्या ट्रकवर चढवून कुडाळला मेस्त्रीकडे न्यावी आणि गिअरबॉक्स पूर्ण खोलून दुरुस्त करावा. मेस्त्रीला सांगावं, गाडी दर्यात गेली होती.

सात. दोन नंबर मी रद्द करते. पाटल्या मोडायच्या. रियाने मोठी झाल्यावर माझ्यावर रागवावं. रागवून घ्यायला मी असेन.

आठ. पुढच्या पावसाआधी होडी ओढायला वाडीला हाक मारायची. खाजं जास्त आणायचं.

उद्या मी जात नाही. तरी कागद ठेवते, एवढं लिहिणं मला परत जमणार नाही.

हा कागद मी माझ्या हाताने, माझ्या मनाने लिहिला.

सही: सारिका सुदेश धुरी

साक्षीदार:
हौसाबाई गुणाजी तारी. अंगठा, डाव्या हाताचा. जान्हवीबाईंनी सगळं वाचून दाखवल्यावर दिला. शेवंतीला आणि बाकीच्या बायकांना आपण सांगणार नाही, तूच सांग, असं म्हणाली.
जान्हवी प्रकाश कुबल. सही.

ठिकाण: तारकर्ली
दिनांक: ९ डिसेंबर २०२४

साक्षीदारांच्या सह्या झाल्या, तरी फोन अजून माझ्याने लावला जात नाही. मितेश परवा सकाळच्या एसटीने निघेल. चावी मिळाली नाही तर मावशीशी भांडेल आणि मनात स्वतःलाच दोष देत राहील. हा कागद आता ज्याच्या हातात आहे त्याने आधी त्याला फोन करावा. नंबर मागे लिहिला आहे. पहिल्या रिंगला उचलतो. बाकी काही सांगू नये, मी सांगेन. त्याका येवढाच सांगा, सारिकेचो पाय घसरूक नाय.